कांबळे सरांच्या भिंतीतला प्लग

चाळिशी उलटल्यावर गाडी शिकायला निघालेली मी शाळामास्तरीण. कोल्हापुरातल्या आनंदराव कांबळे सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पायरी चढताना दोनदा मागे वळले. सरांनी ते बघितलं आणि ते म्हणाले, "भ्या वाटतंय न्हवं बाई? बरं हाय. न भिणाऱ्याला मी किल्ली देत न्हाय."

परवाना मिळाला की शिकवणी संपली, असं सरांकडे नसे. शेवटच्या दिवशी ते आपल्या पत्नीला, म्हणजे काकूंना, आणि नातवंडांना मागे बसवत, डिकीत तांदळाचं पोतं टाकत आणि पन्हाळ्याचा चढ चढायला लावत. म्हणत, "रिकाम्या गाडीत समदीच डायवर." आपली माणसं शिकाऊ हातांत सोपवणारे गुरू मी दुसरे पाहिले नाहीत.

पुढे माझी बदली आजऱ्याला झाली. गेल्या वर्षी आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापुरात आणायची वेळ आली. पेट्रोल परवडेना, म्हणून सरांना न विचारता मी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. एकटीनंच चालवून पाहिली होती. आई, तिला धरायला भाऊ, चाकांची खुर्ची, हे ध्यानातच घेतलं नाही. त्यांची विद्यार्थिनी असून हे केलं, याची आजही लाज वाटते.

पहिल्याच खेपेला परतताना चार्जचा आकडा भराभर उतरू लागला. वाटेतलं चार्जिंग स्टेशन बंद होतं. मी घाबरून एसी बंद केला. मे महिना. आई घामानं निथळली, तिची मान भावाच्या खांद्यावर कलंडली. घर गाठल्यावर आधी तिला पंख्याखाली निजवलं.

सरांना फोन केला तर ते तापलेच. "आईला उकडून चार्ज वाचवलासा व्हय?"

रविवारी सर, काकू आणि शेजारचे एक धिप्पाड पैलवान एसटीनं आजऱ्याला हजर. तिघं गाडीत बसले, डिकीत घनसाळ तांदळाचं पोतं पडलं, एसी पूर्ण सोडला. कोल्हापुरात पोचल्यावर सरांनी पडद्यावर उरलेला चार्ज बघितला. "जाणं हुतंय, माघारी येणं न्हाय हुत. डायलिसिसच्या चार तासांत गाडीला चार्ज पाजाय लागंल."

आठवड्याच्या आत त्यांनी कोल्हापुरातल्या आपल्या घराच्या दाराशेजारी, भिंतीत जाड वायरचा प्लग बसवून घेतला. आता दवाखान्यात आईजवळ भावाला ठेवून मी गाडी तिथे लावते. डायलिसिस संपेपर्यंत परतीपुरती भरते. विजेच्या पैशांचा विषय काढला की काकू चहा टाकायला आत जातात.

धास्ती गेली, असं खोटं कशाला लिहू? वीज गेली तर? कुणी आडवी गाडी लावली तर? दर खेपेला सरांच्या बोळात वळताना मान लांबवून आधी जागा बघते. मग सर दिसतात, जागा कुणी अडवू नये म्हणून खुर्ची टाकून बसलेले.

मागच्या शुक्रवारी खुर्ची होती, सर नव्हते. मी काच खाली करून हाक मारली. ते शाल पांघरून, खोकत बाहेर आले. "ताप हाय जरा. जागा धरलीया की."

सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरव अंकात सगळेच त्यांना उदंड आयुष्य मागतील. मीही मागते, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे, तो लपवत नाही. सर, औषधं वेळेवर घ्या, ठणठणीत राहा. गाडी चढाला घालायला तुम्ही मला शिकवलंत. रिकामी खुर्ची ओलांडून ती पुढे न्यायला शिकवलेलं नाही.