दूधवाल्याच्या धोतराची नीळ

रविवार, ८ नोव्हेंबर. पावसाळ्यात ओल धरलेल्या ट्रंका गच्चीवर नेऊन उन्हात उघडायचं काम मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत उरकते. यंदा ते लांबलं. उद्यापासून शाळा, म्हणून आज सकाळीच हात घातला. लोकरीचे कपडे, मुलीची जुनी प्रगतिपुस्तकं, बुरशी धरलेले दोन अल्बम. तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी खाकी पाकीट निघालं. त्यावर माझ्याच अक्षरात ‘सुपडूभाऊ, निगेटिव्ह’ असं लिहिलेलं. पाकीट बाजूला ठेवलं आणि आधी बाकीचं वाळत घातलं. मग दुपारचं जेवण, भांडी. सगळं आटोपल्यावर ते उघडलं... त्याआधी उघडायची माझी तयारी नव्हती, असं म्हटलं तरी चालेल.

सुपडूभाऊ गेल्याचं पोस्टकार्ड सहा आठवड्यांपूर्वी आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात न देता फाटकाच्या खिळ्याला अडकवलं होतं. एक कोपरा फाडलेला होता, म्हणजे मजकूर वाचायच्या आधीच बातमी कळली. पुतण्याने चार ओळी लिहिल्या होत्या. काका पारोळ्याकडच्या गावी सकाळी दाढी करता करता बसले ते उठलेच नाहीत. तुमची आठवण काढायचे. खाली सही. मी कार्ड वाचलं, मिस्टरांना वाचून दाखवलं आणि कुकर लावला. रडू आलं नाही. एक गोष्ट मात्र आठवली आणि ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ती सांगायची तर पहिल्यापासून सांगायला हवं.

सुपडूभाऊ १९८५ साली आमच्या नरोलीच्या घरामागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले. आम्ही मूळचे चिपळूणचे. मिस्टर इथे सरकारी कचेरीत, मी सिल्वासात शाळेत. सुपडूभाऊ खानदेशातले, राखोलीच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यात शेड जुळवायला होते. गिऱ्हाईक नमुन्याचा दोरा पाठवतं, त्याच्याशी रंगवलेलं सूत तंतोतंत जुळतंय की नाही हे सांगायचं, एवढंच काम. त्यासाठी त्यांच्या टेबलावर एक काळी पेटी होती. तिच्यात तीन प्रकारचे दिवे. एकाखाली जुळलेले दोन दोरे दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात, म्हणून तिन्हींखाली बघायचं. “रंग असा नसतोच बाई,” ते म्हणायचे, “उजेड सांगतो तसा तो असतो.” माणूस बुटका, पान खाणारा, बोलायला लागला की थांबायचा नाही. मला फार बोलणारी माणसं आवडत नाहीत. पण ते नळाची वेळ पाळायचे आणि अंगण स्वतः झाडायचे, त्यामुळे जमलं.

दिवाळीच्या किल्ल्यावरून हे सगळं सुरू झालं. आमच्या मुलीला किल्ला हवा होता आणि इथल्या बाजारात मावळे मिळेनात. सुपडूभाऊंनी शाडूची, आत तार घातलेली, बोटभर उंचीची माणसं केली आणि तीन केसांच्या कुंचल्याने रंगवली. पण त्यात एकही मावळा नव्हता. सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, वाहणारी बाई, दवाखान्यातली सिस्टर, बसचा कंडक्टर, गवताचा भारा घेतलेली एक वारलीण, आणि अथालहून सायकलवर आमच्याकडे दूध घालणारा म्हातारा... पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर मफलर.

“अहो, किल्ल्यावर दूधवाला कशाला?” मिस्टरांनी विचारलं.

“का साहेब? गडावर चहा कोन पीत नसेल?”

पुढच्या पावसाळ्यात शाडूला ओल लागली, रंगाचे पापुद्रे सुटले आणि माणसं हळूहळू मातीला मिळाली. दमणगंगेच्या काठच्या हवेत शाडू टिकत नाही. दरवर्षी ते नवी करत, दरवर्षी ती जात. तेव्हा फोटो काढायचं डोक्यात आलं. त्यांनी सुरुवातीलाच अट घातली. फोटो बघून कोणी ‘हे केवढं आहे?’ असं विचारलं तर फोटो फसला. ‘हे कोण आहे?’ असं विचारलं तरच जमला. म्हणून फोटोत काडेपेटी नको, बोट नको, फरशीची फट नको, आकार कळेल असं काहीही नको.

कॅमेऱ्याचं माझ्याकडे आलं, कारण कॅमेरा माझ्याकडे होता. साधा, चपटा, बटण दाबलं की झालं असा. पहिला अख्खा रोल धूसर आला. त्या कॅमेऱ्याला चार फुटांच्या आतलं दिसतच नव्हतं, आणि वरच्या खिडकीतून आम्ही बघत होतो एक आणि भिंग बघत होतं दुसरं, त्यामुळे कंडक्टरचं डोकं उडालं होतं. वापीच्या दुकानदाराने फ्लॅश गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मी त्याच्यासमोर काउंटरवर एक बाहुली उभी केली आणि म्हटलं, याच्यावर मारून दाखवा. फोटो आला तो चुन्याने थापलेल्या तोंडाचा, मागे काळी सावली. “पासपोर्ट काढला बाई याचा,” सुपडूभाऊ म्हणाले, “आता दुबईला धाडा.” शेवटी दुबईहूनच कॅमेरा आला. माझ्या भावाने सुट्टीवर येताना एक आणला, ज्यात भिंगातून दिसेल तेच फिल्मवर उमटतं. त्याच्या पुढे जवळचं बघायची काच फिरवून लावायची. मग कळलं की इतक्या जवळून नाक स्पष्ट आलं तर कान धूसर होतो. उपाय म्हणजे भिंगाचं तोंड अगदी बारीक करायचं, आणि तसं केलं की उजेड कमी पडतो, मग कॅमेरा सेकंदभर हलता कामा नये. तिवई नव्हती. स्टुलावर तांदळाची पिशवी, पिशवीत कॅमेरा रुतवलेला, आणि बटण हाताने न दाबता दहा सेकंदांनी आपोआप दबणारं. हे सगळं मी माहितीपुस्तक वाचून केलं. यात कला वगैरे नाही, हे पापड लाटण्यासारखं आहे. दोनदा बिघडतं, तिसऱ्यांदा जमतं.

उजेडाचं मात्र जमेना. ट्यूबलाइटखाली माणसं हिरवी यायची, शेवाळ धरल्यासारखी. पिवळ्या बल्बखाली सगळी भगवी. मग मागच्या पडवीत सावलीत काढले, तर दूधवाल्याचं धोतर निळसर आलं. “धोतराला नीळ जास्त झाली,” मी म्हटलं. सुपडूभाऊंनी फोटो लांब धरला, जवळ धरला. “मला तर बरोबर दिसतंय. पण तुम्ही म्हणता तर असेल. सावलीतला उजेड निळाच असतो, आमच्या पेटीतपण तसंच होतं.” ते खरंही होतं, पुस्तकातही तसंच लिहिलं होतं. म्हणून गच्चीवर गेलो. दहाचं ऊन, त्यावर माझी जुनी मलमलची ओढणी ताणून बांधलेली, म्हणजे सावल्या मऊ पडतात. धोतर तरी निळंच. मग लॅबवाल्याची चूक ठरली, मग फिल्मची. त्या वर्षी पांढरा रंगही वाईट निघाला होता, असं त्यांचं म्हणणं. “दुकानदार पिवळट पांढरा देऊ राहिला बाई. थोडी निळी टाकल्याशिवाय पांढरा वाटतच नाही.” हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. मी भाजी चिरत होते. हूं म्हटलं.

१९९३ च्या थंडीत चौथा रोल. दूधवाल्याच्या एका बाजूला अंधार पडत होता, म्हणून तिकडे उजेड परतवायला मी माझा धुतलेला रुमाल उभा केला. एका फोटोत त्याची कड चौकटीत शिरली. फोटो हातात आले तेव्हा तोच सगळ्यांत चांगला निघाला होता. सुरकुत्या, मफलरच्या दशा, डोळ्यांतली चमक, सगळं जिवंत. आणि डाव्या कडेला माझा रुमाल, पांढरास्वच्छ. त्याच उन्हात, त्याच फिल्मवर, त्याच कागदावर रुमाल पांढरा होता आणि धोतर निळं.

वर्गात तीस वर्षं उभं राहून एवढं न कळण्याइतकी मी मठ्ठ नाही. चूक उजेडाची नव्हती, कॅमेऱ्याची नव्हती. सुपडूभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना पांढरं पिवळं दिसत होतं आणि ते नीळ घालून दुरुस्त करत होते. आणि त्याच डोळ्यांवर त्यांची नोकरी होती.

मी कात्री घेतली आणि रुमालाची कड कापून टाकली.

लोक याला दया म्हणतील. वाईट वाटेल त्यांना, असंही मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर दया नव्हती. चार वर्षं चाललं होतं ते. शाळा, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि रविवारी गच्चीवर ओढणी बांधा. मी थकले होते. सांगितलं असतं तर सगळी माणसं पुन्हा रंगवणं आलं, पाचवा रोल आला, त्यांना घेऊन वापीच्या डॉक्टरकडे जाणं आलं. मला तो फोटो संपवायचा होता. कारण तयारच होतं. “रुमालामुळे केवढं आहे ते कळत होतं, म्हणून कापला,” मी म्हटलं. ते खूश झाले. “बरोब्बर केलं बाई!”

दुसऱ्या दिवशी खरा दूधवाला आला तेव्हा त्यांनी फोटो त्याच्यासमोर धरला. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि त्याने विचारलं, “आ कोण छे?”

“कोण विचारतोय बाई! कोण!” सुपडूभाऊ अंगणात अक्षरशः नाचले. “अरे काका, तूच आहेस!”

“हुं?” म्हातारा म्हणाला. “ना रे. मारूं धोतियुं एटलुं चोख्खुं क्यांथी होय!”

माझं धोतर एवढं स्वच्छ कुठून असणार, म्हणे. आम्ही तिघं हसलो. मीही हसले.

चार महिन्यांनी पांढऱ्या सुताचा एक मोठा लॉट परत आला. निळसर पडला होता आणि पास सुपडूभाऊंनी केला होता. पेटी त्यांच्याकडून गेली. कारखान्याने त्यांना काढलं नाही, खोके बांधायच्या खात्यात टाकलं. त्याच आठवड्यात त्यांनी कुंचले धुऊन डब्यात ठेवले. मला म्हणाले, “हात थरथरू राहिले बाई.” हात थरथरत नव्हते. डोळ्यांना काय झालंय हे अजूनही कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी तेव्हाही बोलले नाही, कारण आता बोलले असते तर आधी का नाही बोललात, हा प्रश्न आला असता. एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं आपोआप होतं.

ऑपरेशन १९९६ साली झालं, गावाकडे, एका शिबिरात. परत आले ते जाड चष्मा लावून. आल्या आल्या त्यांनी कपाटावरचा डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेली, पावसातून वाचलेली पाचसहा माणसं होती. मी दारातच उभी होते. त्यांनी दूधवाला उचलला, उजेडात धरला आणि मोठ्याने हसायला लागले. “अरे देवा! नीळ पाजली की मी सगळ्यांना! ही बघा, ही सिस्टर बघा, अक्षी कृष्णाचा अवतार!” हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “बाई, तुम्हाला दिसलं नव्हतं का हो?”

“नाही हो,” मी म्हटलं. “मला वाटलं, सावलीमुळे.”

त्यांनी बाहुली पुन्हा कापसात गुंडाळली. “असू द्या,” म्हणाले. नंतरच्या वर्षी नोकरी सोडून गावी गेले. जाताना कापलेला फोटो घेऊन गेले आणि निगेटिव्ह माझ्याकडे ठेवले. “तुमच्याकडे नीट राहतील.” त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही. शेड जुळवणारा माणूस होता तो. दोन दोरे शेजारी ठेवून बघणं त्याला आयुष्यभर माहीत होतं...

आज दुपारी निगेटिव्ह उन्हाकडे धरलं. कात्री फोटोला लागली होती, निगेटिव्हला नाही. तपकिरी पट्टीत दूधवाला उभा आहे, शेजारी माझ्या रुमालाची काळीकुट्ट कड आहे, आणि धोतर तेवढं पिवळसर दिसतं. बहुतेक त्यांना सगळं पांढरं असंच दिसत असावं. इथपर्यंत लिहून झालं, गच्चीवरचे कपडे घड्या करून ट्रंकेत भरले, डांबरगोळ्या घातल्या. पाकीट ट्रंकेत ठेवलं नाही, पर्समध्ये टाकलं.

सोमवार, ९ नोव्हेंबर. सकाळी शाळेच्या आधी सिल्वासाच्या स्टुडिओत गेले. दोन प्रती सांगितल्या, एक पुतण्याला पाठवायला. पाकिटात सोबत काय लिहायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, दोनच ओळी. मालकाने निगेटिव्ह दिव्यावर ठेवून भिंगातून बघितलं.

“बेन, बाजूमां आ रुमाल छे. कापी नाखूं? फोटो सारो लागशे.”

“नको,” मी म्हटलं. “रुमाल राहू दे. पूर्ण छापा.”