जगनचं कोपर

भाचीचा फोन आला तेव्हा मी कळसाडीला ओट्यावर शेंगा सोलत होते. "आत्या, बाबा..." एवढंच बोलली. जगन, माझा धाकटा भाऊ, गेला. माहेरी, प्रकाशा गावाला पोचेपर्यंत एकच मनात, त्याला मला काहीतरी सांगायचं होतं, ते राहूनच गेलं...

जगनची जुनी जीप होती. तळोद्याहून डोंगरातल्या गावांना माणसं न्यायचा. चार दारांची, पुढच्या दाराला किल्ली फिरवली की चारही दारं आपोआप लागणारी. त्यातलं मागचं डावं दार हट्टाला पेटलं. कधी लागे, कधी लागलं की उघडेचना. मी माहेरी गेले की चहासुद्धा नंतर, आधी कुलूप टकटकतं का ऐकायला मला त्या दारापाशी उभी करायचा आणि स्वतः पुढे किल्ली फिरवायचा.

"ताई, कान लाव. बोलनं का?"

"नही बोलनं. अरे, मी काय खिडकीमधून चढू का आता, या वयमा?"

"चढ ना! दाजीस्ले फोटो धाडसू."

त्याने फ्यूज बघितला, चांगला निघाला. दारातली छोटी मोटर काढून थेट बॅटरीला लावली, तर ती टुणकन चालली. "म्हणजे दुखणं वायरमा शे," म्हणाला. "कोठे, तेवढंच बाकी." आणि ते सापडायच्या आत त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

कळसाडीला परतण्याआधी मी महिनाभर तिथेच राहिले. खाटेवरून खिडकीतून जीप दिसायची. जगन डाव्या हाताने आपला निर्जीव उजवा हात धरायचा, कोपरात दुमडायचा, सरळ करायचा, पुन्हा दुमडायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटलं, ठणकतंय. मी तिळाचं तेल कोमट करून कोपर चोळायचे. डॉक्टर म्हणाले, हालचाल चांगली. मग तर त्याची बायको कमल आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "देखा, व्यायाम करी ऱ्हायनात!" जगन मान हलवायचा. ती हो म्हणून की नाही म्हणून, आम्हाला काही कळेना. शेवटी भिंतीकडे तोंड करायचा, आणि मी म्हणायचे, "आता बरं वाटलं बघ."

उत्तरकार्य झाल्यावर भाचीने जीप तळोद्याच्या मिस्त्रीकडे नेली, मीही बरोबर गेले. त्याने दार आणि गाडीचा खांब यांच्यामधली रबरी नळी सोलली. आतली वायर वरून धड दिसत होती, आत तुटलेली. "मावशी, दार उघड-बंद व्हस ना, तव्हय वायर आठेच दुमडास," तुटल्या जागी बोट ठेवून म्हणाला, आणि समजावं म्हणून स्वतःचं कोपर दुमडून, सरळ करून दाखवलं.

 घरी येऊन कमलला सांगितलं.  "दुखतच व्हई, ताई," एवढंच म्हणाली.

आता विचारू तरी कोणाला? तिने गादी उचलली, खाट तशीच आहे. काठाला जिथे त्याचं कोपर टेकायचं, तिथे लाकडात तेल मुरलंय. माहेरी गेले की तिथे बसते. दुखत होतं म्हणावं, तर माझं तेल कामी आलं, पण मग एवढे दिवस त्याने ते सोसलं. गाडीचं सांगत होता म्हणावं, तर दुखणं नव्हतं, पण मग मी एवढी जवळ बसलेली असून तो एकटाच होता. यातलं कोणतं खरं असू दे म्हणून देवाकडे मागू, तेच मला कळत नाही...