हसली म्हणून शंका आली

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं अंगणात मटार सोलून राहिलो होतो. थंडीत जबलपूरला मटार पोत्यानं येतो. बायको अर्धे दाणे तोंडातच टाकून राहिली होती. मी म्हटलं, भाजीत काय सालटं घालशील? तर ती हसली.

तिथंच मला शंका आली.

कारण कित्येक महिने ती हसली नव्हती. मिरगी तिला पोरपणापासून. झटक्याचं मला काही वाटत नसे. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली कापड द्यायचं, बसून राहायचं. मग डॉक्टरनं गोळी बदलली. झटके थांबले, पण बाई फिरली. मिठावरून रडे. आंघोळीला उठत नसे. एकदा मी दिलेल्या चहाचा वास घेतला, म्हणे, यात काय कालवलं?

मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "दौरे तो बंद हैं न, दादा?" अन् पुढचा पेशंट बोलावला. मुलगा म्हणे, वय झालं आईचं. गोळी आली अन् बाई गेली, मला तर एवढंच दिसत होतं. आता दुसरा डॉक्टर सांगतो, काही गोळ्यांनी माणूस असा चिडतो, उदास होतो. सांगितलं तर बदलून मिळते, फक्त आपल्या मनानं बंद करायची नाही. आता सांगतो.

तर ती हसली, अन् मी हातातली शेंग खाली ठेवली. विचारलं, "गोळ्या घेऊन राहिली न?"

"फॅक्टरी सुटली, तपासणी नाही सुटली तुमची," ती म्हणाली. "सोला चुपचाप." रिटायर होईपर्यंत मी फॅक्टरीत माल तपासत होतो.

ना हो म्हटलं, ना नाही. रात्री माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. गिळली का, ते कसं दिसणार?

सकाळी उठवायला गेलो तर पालथी पडलेली, तोंड उशीत. अंग गार.

माणसं जमली. सुनेनं तुळशीचं पान अन् नर्मदेच्या पाण्याची वाटी हातात दिली, बाबा, तोंडात घाला म्हणाली. मी वाटी खाली ठेवली अन् तिच्या गालात बोट घातलं. जबडा आवळलेला. जीभ दातांत चावलेली होती, झटक्यात चावते तशी.

मुलानं मनगट धरलं. "बाबा, ये क्या कर रहे हो?"

"गोळी पाहून राहिलो," मी म्हटलं.

सापडली नाही. मग पाणी घातलं. ते ओठावरून बाहेर आलं.