एका नांगीची मादी

आल्टन पिंकहॅमने आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त होकायंत्रावर, आणि तोही दर वर्षी तपासून घेऊन. आमच्या स्टोव्हर खाडीत शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्या तीसेक होड्या आहेत. बहुतेकींवर मालक आणि एक खलाशी असतो. आल्टन एकटा जातो. "खलाशी ठेवला की त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक ठेवावा लागतो," असं त्याचं म्हणणं. मी मासेमार सोसायटीचा धक्का सांभाळतो. माल घालताना आल्टन माझ्या खांद्यावरून वाकून वजनाचा काटा शून्यावर आहे का ते बघतो. इतकी वर्षं झाली, अजून बघतो.

एकटी जाणारी दुसरी होडी वांडा थिबोडोची. ती वरच्या, बटाटे पिकवणाऱ्या मुलखातली. लग्न होऊन इथं आली, नवरा वारल्यावर त्याची होडी तिनंच चालवायला घेतली. खाडीच्या लेखी ती अजून परकी आहे.

गेल्या जूनमध्ये मी साठवणीच्या पेटीतली एक मादी सहज उलटी केली. शेपटीखाली चार-दोन काळपट हिरवी अंडी चिकटलेली होती. बाकीची कोणीतरी ब्रशने घासून काढली होती.

आमच्याकडे याहून नीच काम नाही. अंड्यांवरची मादी मिळाली की तिच्या शेपटीला खाच पाडायची आणि तिला पाण्यात सोडायची. ती खाचवाली पुढे कोणाच्याही पिंजऱ्यात आली, अंडी असोत वा नसोत, तरी परत सोडायची. समुद्रावर बघायला कोणी नसतं. खाच पाडली तर सगळ्यांचं भलं, अंडी घासून ती विकली तर एकट्याचं. पेटीत सगळ्यांचा माल एकत्र झालेला, त्यामुळे मादी कोणाच्या होडीतून आली ते कळायला मार्ग नव्हता.

धक्क्यावरच्या लोकांना मात्र लगेच कळलं.

"खलाशाशिवाय जाणारे दोघंच," ड्वाइट बीलर म्हणाला. तरुण मालकांत त्याचा आवाज मोठा. "त्यातला एक आल्टन. म्हणजे उरलं कोण ते बघा."

"मला का वगळतोस?" आल्टनने विचारलं.

"तुझा आजा इथल्या मातीत आहे म्हणून."

"आजा काय अंडी मोजत बसलाय का तिथून?"

शनिवारी सगळ्यांनी होकार दिला की वांडाच्या पिंजऱ्यांचे दोर कापायचे, असं ठरलं. दोर कापला की पिंजरा तळाला राहतो. सगळे कापले की तिचा हंगाम बुडाला, आणि बहुधा होडीही विकावी लागणार. पण तिचे पिंजरे आल्टनच्या पिंजऱ्यांना लागून होते. त्याने मान हलवल्याशिवाय कोणी हात लावणार नव्हतं.

त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात घेवड्याच्या जेवणाचा कार्यक्रम होता. उन्हाळ्यात इथं राहायला येणाऱ्या प्राध्यापक मार्गिट लुंडीन जेवणानंतर उत्क्रांतीवर बोलल्या. दुसऱ्यासाठी झीज सोसणाऱ्याची पिल्लं कमी उरतात, मग चांगुलपणा टिकला कसा, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तरही त्यांनीच दिलं. तो रक्ताच्या नात्यात टिकला, परतफेडीची खात्री होती तिथं टिकला, आणि चार डोळे बघत होते, लबाडाला शिक्षा होत होती, तिथं टिकला.

"हे मी जन्मभर फुकट सांगतोय," आल्टन माझ्या कानाशी म्हणाला. "बाई त्याचा पगार घेते."

शेवटी बाई म्हणाल्या, "माणूस असा का झाला, एवढं आम्ही सांगू शकतो. त्याने कसं वागावं, हे त्यातून आपोआप निघत नाही."

"बघ. अर्धं काम करून बसली."

पण गाडीपाशी पोचल्यावर म्हणाला, "वांडा परकी. ना नातं, ना कोणी बघणारं. बाईच्या म्हणण्यानं तिनंच घासली असणार."

"मग शनिवारी हो म्हण."

"बघणारं मलाही कोणी नसतं रे," तो म्हणाला आणि दार आपटून निघून गेला.

पुढचं त्याने नंतर सांगितलं. दुसऱ्या सकाळी त्याच्या पिंजऱ्यात एक अंड्यांवरची मादी आली. उजवी नांगी तुटलेली, शेपटीला खाच नाही. तिला खाच पाडायची सोडून त्याने ती बादलीत ठेवली, वांडाचा कडेचा पिंजरा वर ओढला आणि तिला आत टाकलं. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणं हा आमच्यात जवळपास अंडी घासण्याइतकाच मोठा गुन्हा. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मग खडकाआड होडी लावून तो दुर्बीण घेऊन बसला. वांडा आली, पिंजरा ओढला, वाकली. तिची पाठ त्याच्याकडे. तिनं काय केलं ते त्याला दिसलंच नाही.

शुक्रवारी ती एका नांगीची मादी त्याच्याच पिंजऱ्यात आली. अंडी जशीच्या तशी. शेपटीला ताजी खाच.

आल्टनला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच्या पुढच्या पिंजऱ्याच्या तरंगत्या बोयाच्या दांडीला दोराची एक जादा गाठ मारलेली होती. या गाठीचा अर्थ इथं पोरांनाही कळतो: तुला पाहिलंय, पुन्हा केलंस तर दोर कापू. म्हणजे वांडाने त्याला पाहिलं होतं. बघतोय हे माहीत असल्यावर खाच कोणीही पाडेल. मग त्या खाचेची किंमत काय?

शनिवारी सगळे धक्क्यावर जमले. वांडा आपल्या होडीत आमिषाचे डबे धूत होती. तिच्या कानावर सगळं पडत होतं, पण मान वर केली नाही.

"बोल, आल्टन," ड्वाइट म्हणाला.

"मी तिचा पिंजरा उचलला."

आल्टनने घडलं तसं सांगितलं, गाठीसकट.

"म्हणजे तिनं तुला पाहिलं होतं!" ड्वाइट ओरडला. "नाटक केलं तिनं. तुला कसं कळत नाही?"

तेव्हा वांडाने ब्रश खाली ठेवला. "गाठ मी मारली. खाच पाडून मादी सोडली, मग मान वर केली, तेव्हा काच चमकली खडकाआड. आधी दिसला असता तर तीच मादी फेकून मारली असती त्या म्हाताऱ्याला."

"ती असंच म्हणणार," ड्वाइट म्हणाला.

आल्टन वाकून तिच्याकडे बघू लागला. काट्याकडे बघतो तसाच.

"म्हणू दे," तो म्हणाला. "इतकी वर्षं धुक्यात मी एकटा खाचा पाडत आलो, त्यालाही माझ्या शब्दाशिवाय पुरावा नाही. तो तुम्ही मागितला नाहीत. तिच्याकडेच का मागता? माझा होकार नाही."

लोक पांगले. पुढल्या आठवड्यात आल्टनच्या काही पिंजऱ्यांचे दोर कापलेले निघाले. कोणी कापले ते कळलं नाही. उचललेल्या पिंजऱ्याची शिक्षा समजून त्याने ते नुकसान मुकाट्याने सोसलं. वांडाने लोखंडी आकडा टाकून त्यातले दोन तळातून वर काढून दिले. अंडी कोणी घासली ते आजतागायत उघड झालेलं नाही. मी आता प्रत्येक होडीचा माल उलटा करून बघतो, आणि आल्टन म्हणतो, "आधी माझा कर."

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी त्याने दुर्बीण माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुझ्याकडे असू दे. जवळ असली की बघावंसं वाटतं."

ती अजून खिडकीत आहे. तो परत मागत नाही. फक्त येता-जाता ती जागेवर आहे ना, तेवढं बघून घेतो.