साहेब, ढील द्या!

मला गाठी येतात. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू दिलं तर तिखटमीठ कमी पडतं. गेली वीस-बावीस वर्षं मी आमच्या शाळेतल्या मुलींची गाईड कॅप्टन आहे. मुलांचं स्काऊट, तसं मुलींचं गाईड: निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि तीन बोटांचा सॅल्यूट. दोर हातात आला की मी पाठीमागे हात नेऊन, मान वर करून, जादूगारासारखी गाठ मारून दाखवते. पोरी टाळ्या वाजवतात, आणि मला टाळ्या फार आवडतात.

पण माझी सगळ्यांत गाजलेली गाठ मी आठवीत असताना मारली. तिला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती वेळेवर सुटलीच नाही.

तेव्हा आम्ही जवळा बाजार या गावात राहायचो. घरी थोडी शेती, एक बैलजोडी आणि एक म्हैस. ही म्हैस मोठी हौशी होती. आठवडी बाजाराचा गलबला कानावर पडला की तिला गोठ्यात राहवत नसे. दावं सोडवून ती निघायची ती थेट भाजीवाल्यांच्या पालात. एकदा तिनं कोथिंबिरीची अख्खी पाटी संपवली आणि वर टोमॅटोवर बसली. शेवटी आईनं एक गाठ शोधून काढली. म्हैस जितकी ओढेल तितकी ती गाठ आवळायची. सोडायची असेल तर म्हशीला दोन पावलं पुढं घ्यायचं, दाव्याला ढील द्यायची आणि एक हलका झटका मारायचा. आईनं ती मला शिकवली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ म्हैस बांधायचं काम माझं.

त्याच वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. वयानं लहान, उत्साहानं दांडग्या. त्यांनी आल्या आल्या गाईडचं पथक काढलं. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात सुती दोर. "उजवं टोक डाव्यावर, आता डावं उजव्यावर," असं पुस्तकात बघून सांगायच्या आणि त्यांचंच बोट दोरात अडकायचं. आम्ही सगळ्या शेतकऱ्यांच्या पोरी. कडब्याच्या पेंढ्या बांधण्यात हात तयार झालेले. त्यांचं वाचून होईपर्यंत माझ्या तीन गाठी तयार. बाई हरखून म्हणाल्या, "शिबिरात झेंडा तूच बांधायचा!"

शिबिर सिद्धेश्वर धरणाजवळ होतं, तीन दिवसांचं. घरी येऊन मी ही बातमी दारातूनच ओरडून सांगितली. आई धार काढत होती.

"झेंडा बांधायला धरणावर काहून जावं लागतंय? हितं म्हैस बांध की."

"आई, सगळ्या पोरी जाऊन राहिल्या."

"सगळ्यांच्या घरी अशी म्हैस हाय का?"

मी जेवण सोडायची धमकी दिली. आई म्हणाली, बरं झालं, दोन भाकरी वाचतील. मग मी खरंच जेवले नाही, तेव्हा कुठं ती नरमली. पण अट घातली. "जा. पर तिथं काय खेकटं करून ठेवलं ना, तर हा रुमाल म्हशीच्या गळ्यात बांधीन अन् तुझं गाईड बंद. समजलं का?"

रुमाल म्हणजे माझा स्कार्फ. त्याच्यावर माझा एवढा जीव होता की रात्री घडी करून उशीखाली ठेवायचे. गावात मी 'ती म्हशीवाली' होते. तो स्कार्फ गळ्यात आला की माझी मान दोन बोटं उंच व्हायची.

झेंडा बांधणं ही सोपी गोष्ट नव्हे. झेंड्याची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या भरायच्या, दोरीनं पुरचुंडी करून काठीच्या टोकापर्यंत चढवायची. गाठ सुरगाठच हवी, म्हणजे खालून एकदा ओढलं की सुटणारी. मी आदल्या दिवशी तंबूच्या बांबूवर ती चौदा वेळा मारली आणि चौदाही वेळा ती बरोबर सुटली. बाई म्हणाल्या, "आता मी निश्चिंत."

सकाळी आम्ही झेंडूच्या पाकळ्या भरत होतो, तोच धुरळा उडवत जीप आली. झेंडा फडकवायला येणारे पाहुणे साहेब अर्धा तास आधीच हजर! बाई धावत आल्या. "चल, बांध, बांध लवकर!" मी बांधला. काय बांधलं ते मी पाहिलं नाही. हातांनी रोज जे केलं तेच केलं.

सगळ्या पोरी रांगेत सावधान. साहेब गंभीर चेहऱ्यानं पुढं आले, दोरी धरली आणि ओढली. वर काही हललं नाही. साहेबांनी पुन्हा ओढली. मग बाही सावरून दोन्ही हातांनी ओढली, तशी काठी वाकली. साहेबांच्या कपाळावर घाम, बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा. आणि मला एकदम कळलं की वर आईची गाठ बसलीय. साहेब जितके ओढत होते तितकी ती आवळत होती.

माझ्या डोळ्यांसमोर फक्त म्हैस आली, गळ्यात माझा स्कार्फ घालून रवंथ करणारी. मी रांग सोडली आणि गोठ्यातल्या आवाजात ओरडले, "साहेब, ढील द्या!"

साहेब दचकले. "काय?"

"ओढू नका! दोन पावलं पुढं या! हौऽ हौऽ, बस्स!"

तो 'हौऽ हौऽ' कसा निघाला ते मला आजही सांगता येत नाही. पण साहेब गुमान दोन पावलं पुढं आले, अगदी आमच्या म्हशीसारखे. मी त्यांच्या हातातली दोरी घेतली, ढील दिली, एक झटका मारला. झेंडा फडकन उघडला आणि सगळ्या पाकळ्या साहेबांच्या टकलावर. त्यांनी तशाच पिवळ्या डोक्यानं सॅल्यूट केला. झेंडागीत कसंबसं झालं. निम्म्या पोरी हसू दाबत होत्या, निम्म्यांना ते दाबता आलं नाही.

नंतर साहेबांनी मला बोलावलं. हात पुढं केला तो डावा. स्काऊटमध्ये डाव्या हातानं हात मिळवतात, म्हणजे साहेबही लहानपणी स्काऊट होते तर!

"ही गाठ कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाई सर. म्हशीला बांधतो आमी."

साहेब एवढे हसले की जीपचा ड्रायव्हर पाहायला आला. मग त्यांनी खुर्चीच्या पायाला ती गाठ मारून दाखवायला सांगितली. मी तीन वेळा शिकवली, तिसऱ्यांदा त्यांना आली.

पण माझा खरा प्रश्न घरी होता. पोरींनी आपणहून शपथ घेतली होती की गावात ब्र काढायचा नाही. मी गप्प राहिले असते तर आईला कधी कळलंच नसतं. पण शिबिरात आम्ही दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी मिळून खरं बोलायचं वचन म्हटलं होतं, आणि तेही मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं. गोठ्यात उभी राहून मी सगळं सांगितलं, अगदी 'हौऽ हौऽ'सकट. मग स्कार्फ काढला आणि आईपुढं धरला.

आईनं बादली बाजूला ठेवली.

"सायबाला सुटली न्हाई?"

"न्हाई."

"दोन्ही हातांनी वढली तरी?"

"काठी वाकली, पर न्हाई सुटली."

"सुटंल कशी!" आई म्हशीकडं बघत म्हणाली. मग तिनं स्कार्फ उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या अंगावर टाकला. "मळलाय किती. धुऊन टाक. पुढच्या बारीला न्यायचा हाय ना?"

पुढच्या बाजारापर्यंत तिनं ही गोष्ट भाजीवाल्यांपासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. तिच्या गोष्टीत काठी मोडली होती आणि साहेब दोन होते.

पुढची सगळी वर्षं मी शिबिरांना गेले, आधी पोरगी म्हणून, मग बाई म्हणून. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या शिबिराला मी माझ्या त्याच बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. त्या निवृत्त झाल्यात, केस पांढरे, उत्साह तसाच. झेंडा माझ्या एका विद्यार्थिनीनं बांधला होता. तिच्या घरी जनावर नाही, गोठ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा असतो. वर्गाच्या खिडकीच्या गजावर गाठ मारून मारून तिनं बोटं लाल केली होती. आता ती रांगेत उभी राहून ओठ चावत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

बाईंनी दोरी हातात घेतली. त्या थांबल्या, मागं वळल्या आणि माझ्याकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय गं, ओढू का ढील देऊ?"

दीडशे पोरी माझ्याकडं वळल्या.

"ओढा बाई!" मी ओरडले. "ही माझी नाही, हिची गाठ आहे!"

बाईंनी ओढली. एकदाच.