रंधा, काठी आणि राब

महाडच्या रद्दीवाल्याकडे मला जुन्या विलायती पुस्तकाचं एक सुटं पान मिळालं. कोरून छापलेलं काळं-पांढरं चित्र. दोन सुतार. एक मान मोडून रंधा मारतोय. दुसरा लाकडाच्या सालपटांवर तोंड उघडं टाकून झोपलेला, त्याच्या टोपीत मांजर व्यालेली. दारात काठी घेतलेला मालक. बोध सरळ होता. मी लगेच फ्रेम करून घेतली. स्वतःसाठी नव्हे, दादासाठी.

माझा हा थोरला भाऊ पोलादपूरच्या वर डोंगरात शेती आणि म्हशी सांभाळतो, आणि मी कधीही गेलो की आडवा असतो. मेअखेर राब भाजायला गेलो, तेव्हाही आंब्याखाली बांधावर आडवाच. राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. तिच्यावर शेण, झाडांच्या फांद्यांचा टहाळ, गवत अंथरून जाळायचं, मग माती भाजते, तण मरतं. हे सगळं वहिनींनी महिनोन् महिने डोक्यावरून वाहून आणलेलं. आणि आभाळ भरून येत होतं. राब भिजला तर रोपं नाहीत, रोपं नाहीत तर वर्षाचा तांदूळ नाही. माझा जीव खालीवर होत होता.

वहिनींना चित्र दाखवलं. "हा झोपलेला कोण, ओळखा."

"तुमचे दादा," त्या हसल्या.

"आणि रंधा मारणारा?"

"ती मी. तुम्ही काठीवालं, भावजी."

"वारा पडू दे रे," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "घाई नाय."

मी दोनदा उठलो, दोनदा बसलो, मोबाइलवर पाऊस बघितला. वहिनी पाणी आणायला गेल्या आणि मी काडी ओढली.

जाळ पळतच सुटला. ज्याला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं, तो दादा फांदी घेऊन माझ्याआधी पोचला. झोडपून विझवेपर्यंत अर्धा राब वरवर जळून गेला होता. दादाने राख बाजूला करून हात टेकला. "बघ, माती गार हाय. अरे, झोपलो नव्हतो. अंगावर वारा बघत होतो. वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट्या अंगाने जाळ रांगत न्यायचा."

वहिनी आल्या. माझ्या खिशातली काडेपेटी काढून त्यांनी कमरेला खोचली. "आता पडा तिकडं."

पडलो. मुंग्या चावल्या. पान हललं की मान वर. "पड रे," दादा म्हणायचा. इतकं कष्टाचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. शेवटी वारा पडला, दादाने पेटवलं, आणि उरलेला राब पाऊस यायच्या आत सावकाश धुमसत भाजला.

त्या अर्ध्यातली रोपं झकास आहेत. माझ्या अर्ध्यात तण माजलंय. दर रविवारी महाडहून जाऊन मी ते उपटतो. चित्र दादाच्या पडवीत लावलंय. मी चिखलाच्या पायांनी पायरीवर टेकलो की वहिनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारतात, "आज कोण, भावजी?"