तिसऱ्या डब्यातला मेंढीकोट

परभणीहून सकाळी सुटणारी जुनी पॅसेंजर बंद झाली आणि तिच्या जागी विजेवरची नवी गाडी आली, तेव्हा अख्ख्या गावाला आनंद झाला. मलाही झाला असता. पण मी पडले मेंढीकोट खेळणारी बाई.

त्या निळ्या डब्यांच्या गाडीनं मी नऊ वर्षं मानवत रोडला उतरून शाळेत गेले. गाडीला घाई म्हणून नव्हतीच. खिडकी एकदा वर अडकली की खाली येत नसे, आणि पंखा कंगव्यानं ढोसल्याशिवाय फिरत नसे. इंजिनापासून तिसरा डबा, दारातून आत गेलं की डाव्या हाताचा दुसरा बाक, ही आमची जागा. मी, पोस्टातले मामा आणि जिनिंगवरचे मुनीमजी परभणीला चढायचो. चौथे गडी म्हणजे एक गुरुजी, ते पेडगावला. तिथं गाडी थांबली की आमचं दार बरोबर फलाटावरच्या लिंबासमोर यायचं आणि लिंबाखाली गुरुजी उभे असायचे. ते येऊन टेकले की मुनीमजी खांद्यावरची दस्ती सगळ्यांच्या गुडघ्यांवर पसरायचे, आणि मानवत रोड येईपर्यंत जगाशी आमचा संबंध संपायचा.

मेंढीकोट म्हणजे पत्त्यांतल्या दश्शा जिंकायचा खेळ. एक दश्शी म्हणजे एक मेंढी. गुरुजी माझे भिडू, म्हणून समोर बसायचे. मामा आणि मुनीमजी विरुद्ध पार्टी. मुनीमजींनी उभ्या जन्मात कुणाला मेंढी सोडली नव्हती. मी तरी कुठं सोडत होते? हरले की शाळेत पहिला तास पोरांना जड जायचा.

एकदा चौकटचा डाव चालू असताना गुरुजींनी बदामाची दश्शी टाकली. हातची मेंढी गेली. मी दात-ओठ खाल्ले. पुढच्या डावात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझा तोल गेला.

"गुरुजी, बदाम अन् चौकट कळंना का तुमाला? बघून टाका की जरा!"

"चुकलं, बाई," गुरुजी हसून म्हणाले. मुनीमजींनी माझ्या पायावर पाय दिला. मग कुठं मी नीट पाहिलं. गुरुजींनी हातातले पत्ते खिडकीच्या उजेडात, पार नाकापाशी धरले होते. मला इतकी लाज वाटली की पुढचे दोन डाव मी मान वर केली नाही.

उतरल्यावर मुनीमजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. गुरुजींची नजर जायला लागली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. निवृत्तीला पाच महिने उरलेले. वर्गात अडचण नव्हती, पाढे आणि कविता त्यांना तोंडपाठ. अडचण होती ती घर ते शाळा या वाटेची, आणि तीही त्यांनी पावलांनी मोजून पाठ केली होती. त्यांचं एकच म्हणणं होतं, "पयल्या दिवशी आपल्या पायानं शाळेत गेलो, शेवटच्या दिवशीबी आपल्याच पायानं जाणार. कुणाचा हात धरून न्हाई."

दुसऱ्या दिवशी कुणी काही ठरवलं नाही. मुनीमजींनी पहिला पत्ता टाकला आणि मोंढ्यात लिलाव पुकारावा तसे ओरडले, "इस्पिकचा एक्का!" मामांनी लगेच सूर लावला, "इस्पिकची सत्ती!" मीही बोलून पत्ता टाकला. तेव्हापासून आमचा मुका खेळ बोलका झाला. शेंगावाला विचारायचा, "खेळायलाव का भांडायलाव?"

शेजारी बसलेले मुनीमजी "गुरुजी, तुमचे पत्ते लय इस्कटलेत, द्या लावून देतो," म्हणत त्यांचे पत्ते लावायचे आणि हळूच एकेकाचं नाव सांगायचे. म्हणजे विरुद्ध पार्टीच्या माणसाला आमचा अख्खा डाव दिसायचा. पण त्याचा फायदा त्यांनी एकदाही घेतला नाही. मुनीमजींसारख्या माणसाला हे निर्जळी उपासापेक्षा अवघड गेलं असणार.

अशात नवी गाडी आली. पहिल्या दिवशी आम्ही शहाण्यासारखे तिसऱ्या डब्यात चढून बसलो. पेडगाव आलं, लिंब आला, लिंबाखाली गुरुजी दिसले, आणि आम्ही त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेलो. या गाडीला वेगळं इंजिनच नव्हतं, पहिला डबाच गाडी ओढत होता. नऊ वर्षं इंजिनामागून डबे मोजायची सवय, अन् इथं इंजिनाच्या जागीच पहिला डबा, त्यामुळं आमचं दार लिंबाच्या एक डबा पुढं जाऊन थांबलं.

गुरुजी नेहमीची चार पावलं चालले. समोर दार नव्हतं, नुसता पत्रा. ते पत्रा चाचपडत उभे राहिले. गाडी थांबणार एक मिनिट. मी खाली उडी टाकणार तोच मामांनी दंड धरला, "बाई, हात धरू नका त्यांचा."

मुनीमजी दारात लोंबकळले आणि जीव खाऊन ओरडले, "इस्पिकचा एक्का!"

फलाटावरची माणसं बघतच राहिली. गुरुजींनी मान वळवली.

"बदामची राणी! चौकटचा गुलाम!"

"किल्वरची दश्शी!" मी पण ओरडले.

गुरुजी एक हात डब्यावरून फिरवत आवाजाच्या दिशेनं निघाले. भोंगा वाजला. मुनीमजी घाबरून पुन्हा ओरडले, "इस्पिकचा एक्का!" गुरुजींच्या हाताला दांडी लागली, पाय पायरीवर पडला आणि गाडी हलली.

बाकावर बसून त्यांनी चष्मा पुसला. आम्ही तिघं काही झालंच नाही अशी तोंडं करून बसलो होतो.

"मुनीमजी," गुरुजी म्हणाले, "इस्पिकचा एक्का दोनदा आला. एका जुडीत एकच असतोय."

मुनीमजी हसले ते ठसका लागेपर्यंत. मला मात्र रडू आवरेना.

"मला काय ठाऊक न्हाई व्हय?" गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "आवाज दिला ते बरं केलं. हात दिला असता तर चढलो नसतो."

मग त्यांनी हात पुढं केला, पत्त्यांसाठी.